गढीतल्या खुनाचे दलाल

उकंडरावांना खून फार आवडायचे. असं सांगितलं की लोक दचकतात, म्हणून लगेच खुलासा करतो. माणूस मुंगी दिसली तरी पाय उचलून जाणारा. घरी कोंबडी कापायची वेळ आली की हे परसातून गल्लीत पळ काढायचे, आणि रश्श्याचा वास सुटला की कुणी हाक न मारता परत यायचे. खून त्यांना जुना लागायचा. शंभर वर्षांचा असला तर उत्तम, आणि तो कुणी केला हे कुणालाच ठाऊक नसलं तर मग विचारूच नका! "ताज्या खुनात शिपाई येते," ते म्हणायचे, "जुन्या खुनात शेजारी येते. मले शेजारी पायजेत बाप्पा."

ते अमरावतीच्या कापूसबाजारात दलाल होते आणि मी तिथल्याच एका आडत दुकानात काट्यावर बसायचो. ते दिवसच काही और होते. अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकाएकी असा मान आला की कुणब्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. हंगामात गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत जायची. आपली पाळी येईस्तोवर गाडीवानांना बिडी ओढणं आणि बैलांना शिव्या देणं याखेरीज उद्योग नसे. अशा बसून राहिलेल्या माणसाला गोष्ट लागते, आणि ती उकंडराव पुरवायचे.

दिसायला ठेंगणे, गोल, पागोटं नेहमी डाव्या कानावर आलेलं. आवाज बारीक. बाकीचे गोष्ट सांगणारे गर्दी वाढली की आवाज चढवतात, हे उतरवायचे. मग मागचे लोक पुढच्यांना "चूप बे!" करायचे आणि सगळा बाजार श्वास धरून बसायचा. ही त्यांची हातोटी मी पुढे आमच्या शेठवर वापरून पाहिली. शेठ म्हणाले, "काय पुटपुटतोस रे? जरा मोठ्यानं बोल." असो. ज्याचं त्याला शोभतं.

त्यांच्याकडे खून पुष्कळ होते, पण सगळ्यांचा राजा म्हणजे मूर्तिजापूरच्या अलीकडल्या एका गढीतला. आजोबा-पणजोबांच्या काळातली गोष्ट. जानराव सरदार भरदुपारी पंगतीला बसले, दुसरा घास तोंडात घातला आणि ताटावरच कोसळले. ओठ निळे. अन्न सगळ्यांना एकाच पातेल्यातलं, पण बाकी कुणाच्या पोटात साधी कळही आली नाही. मग विष आलं कुठून? इथे उकंडराव डावा पंजा पसरून पुढे धरायचे आणि एकेक बोट हलवायचे.

"अंगठा म्हंजे धाकटा भाऊ. त्याले गढी पायजे होती. हे दुसरं बोट कारभारी, त्यानं सरदाराचं खाऊन सरदारालेच बुडवलं होतं. मधलं बोट वैद्य, सकाळीच चूर्न देऊन गेलता. हे चौथं पाहुना जमादार, त्याचा अन् सरदाराचा जुना दावा. अन् ही करंगळी..." करंगळीपाशी ते थांबायचे, पान लावायचे, चुना हुडकायचे. लोक कासावीस व्हायचे. करंगळी म्हणजे महादू आचारी. त्यानं सरदारांचं ताट स्वतःच्या हातानं वाढलं होतं, आणि त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत तो गाव सोडून गेला होता.

मग वाद पेटायचा. मजा अशी की ज्याला ज्याचा राग, त्याचा त्याच्यावर संशय. भाऊबंदकीत पोळलेला गाडीवान छातीठोकपणे सांगायचा की भावानंच मारलं. ज्याची बायको वैद्याच्या पुड्यांनी बरी झाली नाही तो वैद्याला फासावर चढवायचा. माझा संशय कारभाऱ्यावर होता. त्याचं कारण आमचे शेठ होत, पण ते मी बोललो नाही.

पहिल्या पहिल्यांदा उकंडराव निकाल देत नसत. पण हातात पैसा खुळखुळायला लागला की माणसाचा दम कमी होतो. गाडीवान म्हणायला लागले, "आखीर सांगा, उकंडराव, आखीर! अर्धवट नोका ठेवू." शेवटी त्यांनी आखीर लावून दिला. करंगळी वर करायची, आवाज अगदी खाली आणायचा आणि म्हणायचं, "ह्यानं मारलं. अन् आइका, त्याचा वंश अजून हाय. अकोल्यात. मोर्नेच्या काठी." वंश आहे म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा यायचा आणि उकंडरावांच्या तोंडावर तेज यायचं. जिथून जिथून कापूस येई, तिथवर ही गोष्ट रिकाम्या गाड्यांतून परत जाई.

त्यांच्या बायकोला, सरूबाईंना, मात्र या सरदाराचा मनस्वी वीट आला होता. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला होतो. उकंडरावांनी घास उचलला आणि म्हणाले, "आता पाहा, सरदारानं असाच घास..." सरूबाईंनी उलथनं खाली ठेवलं. "जेवतानी विषाचं नाव काढसान तं एक दिवस खरंच घालीन. मंग बसा सांगत वरते." उकंडराव माझ्याकडे झुकून म्हणाले, "पाह्यलं? सहावं बोट!"

आता बाजाराची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि माल विकणारा रुमालाखाली हात घालत आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवत. बघणाऱ्याला ओ की ठो कळत नसे. रुमालाखाली दाबलेलं बोट परत घ्यायचं नाही आणि रुमालाखालचं बाहेर सांगायचं नाही, असे दोन कायदे. ते मोडणाऱ्या दलालाला बाजारात कुणी पाणी विचारत नसे.

एकदा काय झालं, उकंडराव एका शेतकऱ्याशी रुमालाखाली हात घालून बसले होते आणि तोंडानं खून चालू होता. दोन्ही कामं एकदम करायची त्यांना सवय. नेमकं "ह्यानं मारलं!" म्हणताना त्यांनी भरात येऊन समोरच्याची करंगळी कचकन दाबली. झालं! भाव एका बोटानं चढला. शेतकऱ्यानं दोन्ही हात जोडले आणि बैल सोडले. ज्यांच्यासाठी सौदा चालला होता ते आमचे शेठ लालबुंद. "हा रुमाल आहे की कीर्तनाची गादी? सांगा त्याला, चूक झाली म्हणून!" उकंडराव शांतपणे रुमालाची घडी करत म्हणाले, "बोट पडलं शेठ. आता परमेसर आला तरी ते उचलत नाई." वरचा फरक त्यांनी आपल्या दलालीतून भरला. मी हळहळलो तर म्हणाले, "जाऊ दे न. त्याले गोष्ट किती आवडली ते पाह्यलं का तू?"

कापूस बघायला येणाऱ्या गोऱ्या साहेबालाही त्यांनी नादी लावलं होतं. साहेब दुभाष्याकरवी विचारायचा, या खुनाचा पंचनामा कुठे आहे? उकंडराव म्हणाले, "साहेबाले सांग, त्या वक्ती पंचनामा नव्हता, निस्ते पंच होते." दुभाष्यानं काय सांगितलं देव जाणे, पण साहेब पुढच्या खेपेला घोड्यावरून उतरायच्या आधीच विचारायला लागला, वैद्याचं पुढे काय झालं?

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग एक दिवस बाजारात एक मनुष्य आला. गाडी नाही, बैल नाही, कापूस नाही. पांढरं धोतर, दमलेला चेहरा. हंगामात बाजारात रिकाम्या हातानं कोण येतं? उकंडरावांना वाटलं, गोष्टीची कीर्ती ऐकून आलेला दिसतो. त्यांनी त्याला मानानं बसवलं, पान दिलं आणि त्या एकट्यासाठी पहिल्यापासून खून सांगायला घेतला. त्या दिवशी तर त्यांनी कमाल केली. सरदाराचा तडफडाट, पंगतीतला गोंधळ, आचाऱ्याचं पळणं! करंगळी वर केली, आवाज खाली आणला. "अन् त्याचा वंश अजून हाय. अकोल्यात."

"हाय न," तो मनुष्य म्हणाला. "मी नामदेव. महादू आचारी माया आज्याचा बाप."

उकंडरावांची करंगळी तशीच वर राहिली.

"तुमचं काई वाकडं केलं नाई आमी," नामदेव म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "माया सगुनेची सोयरीक चांदूरच्या दाजीबा पाटलाच्या पोराशी ठरली होती. सुपारी फुटली होती. त्याईचे गाडीवान अठून गोष्ट आइकून गेले. आता दाजीबा म्हन्ते, विष घालनाऱ्याच्या घरची पोरगी आमच्या चुलीपाशी नोको. दुसरे बी पाहुने तेच म्हनून राहिले. पोरगी घरात बसून हाय. तुमी सांगा, मी काय करू?"

इतकं बोलून तो उठला आणि पान तसंच ठेवून गेला. उकंडरावांनी त्या दिवशी गोष्ट सांगितली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गाडीवानांनी आग्रह केला तर म्हणाले, घसा बसला. सरूबाईंनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, यायले म्हना सांगा तो मेला सरदार. पाहिजे तं जेवतानी सांगा. पन असे बसू नोका." तिसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव माझ्या दारात उभे होते. "चाल. चांदूरले जाऊ."

दाजीबा पाटील म्हणजे भरघोस मिशांचा, कापसावर मातलेला, पण मनानं बरा माणूस. उकंडराव त्याच्या ओट्यावर बसले आणि सरळच म्हणाले, "आचाऱ्याचं मी माया मनानं जोडलं. गोष्टीले आखीर पायजे होता म्हनून." दाजीबा हसला. "म्हंजे तवा खरं बोलत होते का आता खरं बोलून राहिले? नामदेवानं पाय धरले असन तुमचे. अन् उकंडराव, आपला शब्द खोटा हे चारचौघांत म्हनसान, तं तुमच्या रुमालाखाली उद्या हात कोन घालीन?"

हे खरंच होतं. मला वाटलं, संपलं. पण उकंडराव उठता उठता सहज म्हणाले, "ठीक हाय. तसं त्या खुनातलं एक मी कवाच कोनाले सांगितलं नाई. ते आचाऱ्याच्या घरी बसूनच सांगता येते. तुमाले पोरगी नोको तं नोको, पन आइकाले या." आणि चालायला लागले. आम्ही वेशीपर्यंतही पोचलो नसू, तर मागून दाजीबाचा गडी धावत आला. पाटील विचारतात, कोणत्या दिवशी यायचं? माणसाला सून नको असते, सोयरे नको असतात, पण जुना खून अर्धा सोडवत नाही.

रेल्वे तेव्हा अजून यायची होती, तिचं नुसतं खडी टाकणं चाललं होतं. गाड्या जुंपून मजल दरमजल करत आम्ही अकोल्याला आलो. नामदेवाच्या दारी आम्ही दोघं पाहुण्यांच्या आधी पोचलो. सगुणा अंगण सारवत होती. तिनं उकंडरावांना ओळखलं कसं कुणास ठाऊक, बहुतेक पागोट्यावरून. हात शेणानं भरलेले, तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी माया आज्याच्या आज्याले पाह्यलं होतं का काका?"

"नाई पोरी."

"मी बी नाई पाह्यलं. मंग लगन माहं काहून मोडून राहिलं?"

पाच खुन्यांची वकिली ज्याला तोंडपाठ, त्या माणसानं पागोटं काढून हातात घेतलं. त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हाच पाहिले, एरवी कधी नाही.

दुपारी दाजीबा आणि त्याचे पाच भाऊबंद आले, अंगणातल्या लिंबाखाली बसले. पाण्याचा तांब्या समोर होता, त्याला कुणी हात लावला नाही. उन्हातून आलेली माणसं, घसे कोरडे, पण नाही म्हणजे नाही. नामदेव खांबाला टेकून उभा होता. सगुणा दाराआड.

उकंडरावांनी गोष्ट सुरू केली. मी ती कितीदा ऐकली असेल, पण त्या दिवशीची निराळी होती. प्रत्येक बोटाची बाजू त्यांनी अशी मांडली की वाटावं, हाच तो! करंगळीवर आले तेव्हा पान लावलं नाही की चुना शोधला नाही. म्हणाले, "आचारी पळाला. आता हे मी कवाच सांगितलं नाई, ते आइका. पाच जनाईत एकाले गढी, एकाले गादी, एकाले पोथी, एकाले तलवार. ज्याच्यामागं कोनीच नाई असा एकच. सरदार मेला तवाच त्याले समजलं का फासावर कोन चढनार. पाटील, तुमी असते तं थांबले असते?"

मग उकंडरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि आपल्या डाव्या हातावर टाकला. "आता निकाल तुमी द्या. एकेकानं या, ज्याच्यावर वहीम असन त्याचं बोट दाबा. बाजारासारखं. कोनी काय दाबलं ते मी मरेस्तोवर सांगनार नाई." सहाही जण आळीपाळीनं आले, रुमालाखाली हात घातला आणि परत जागेवर बसले. दाजीबानं तर मिशीला पीळ देत बोट दाबलं.

उकंडरावांनी रुमाल झटकला, घडी केली आणि आकाशाकडे बघून म्हणाले, "भाऊ दोन. वैद्य दोन. कारभारी एक." मग जरा थांबून, "अन् आचारी एक."

कुणी कुणाकडे बघेना. एक जण धोतराच्या काठाशी खेळायला लागला, दुसऱ्यानं उगाच लिंबाच्या लिंबोळ्या उचलल्या. दाजीबा मिशीतली बोटं काढून मांडीवर ठेवून बसला. शेवटी त्यानंच घसा खाकरला. "एवढे शाहने बसलो, अन् एकमत नाई. शंभर वर्सांचं कोन सांगनार? नामदेवराव, पानी आना बाप्पा. ऊन लय हाय."

पाणी घेऊन सगुणाच आली. सगळे प्याले. दाजीबानं दुसऱ्यांदा मागितलं. लग्न त्याच उन्हाळ्यात झालं आणि मांडवात उकंडरावांना मानाचं पागोटं मिळालं. तेही त्यांनी डाव्या कानावरच घातलं. बाजारात गोष्ट पुन्हा चालू झाली, पण आखीर गेला. गाडीवान आता आपापसात भांडत भांडतच घरी जायचे आणि पुढच्या खेपेला नव्या जोरानं परत यायचे. अकोल्याचं, वंशाचं नाव पुन्हा निघालं नाही.

उकंडरावांबरोबरचा माझा शेवटचा प्रवास चांदूरच्या वाटेवरचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते तापानं गेले. त्या दिवशी सगुणेच्या लेकाचं बारसं होतं. दाजीबा नातवाला मांडीवर घेऊन पंगतीत सगळ्यांना सांगत होता, "मले तं पयलेपासून वैद्याचाच वहीम होता." उकंडराव मान डोलावत होते. "तुमची नजरच तेज, पाटील." निघताना सगुणेनं आमच्या गाडीत पुरणपोळ्यांची शिदोरी ठेवली.

गाव मागं पडलं तेव्हा मी इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं. "उकंडराव, तुम्ही एवढं सांगितलं, तरी एक बोट आचाऱ्यावर पडलंच. ते कुणाचं हो?"

ते शिदोरीची गाठ सोडत होते. "एक? साऱ्यायनं करंगळीच दाबली होती बाप्पा. साही जनाईनं."

मी गाडीतून पडायचाच बाकी राहिलो. ज्या माणसानं चुकून दाबलेल्या बोटाचे पैसे पदरचे भरले, तो रुमालाखालचं खोटं बोलला होता! "आणि परत जाताना वाटेत त्यांनी एकमेकांना विचारलं असतं तर?"

"कोन विचारीन? हरेकाले वाटे का, आपनच एकटे भैताड, बाकी सारे शाहने. एकट्या पडलेल्या मानसाले तोंड राह्यते का?"

"मग खरं सांगा. तुमचा वहीम कुणावर?"

"माहा?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर आम्ही दोघं आणि बैल. "आचारीच. दुसरा कोन? ताट त्यानं वाढलं होतं न."

असं म्हणून त्यांनी पोळीचा मोठा तुकडा मोडला, तुपात लोळवला, डोळे मिटून तोंडात घातला आणि अर्धी पोळी माझ्यापुढे धरली.

"खाय. लय गोड हात हाय या घरान्याचा."